दहा गुंठ्यांचा तुकडा : पार्श्वभूमी

1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि शेतजमिनीचे लहान तुकडे पडू नयेत म्हणून केलेला मुंबईचा 1947 चा तुकडेबंदी कायदा इकडेही आला. त्याच कायद्याखाली विखुरलेल्या जमिनींचे एकत्रीकरण झाले, त्यात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तरीही राज्यातली सरासरी जमीनधारणा 1970-71 मधल्या 4.28 हेक्टरवरून 2015-16 पर्यंत 1.34 हेक्टरवर आली. वारसाने नावे लागायला कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती हिस्से फोडायला आणि विकायला. त्यामुळे सातबारा सामाईक, शेतात मात्र बांध वेगळे.

खरा वाद प्रमाणभूत क्षेत्राचा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्राचा. त्याहून कमी जमीन म्हणजे तुकडा, आणि तो विकायचा तर लगतच्या खातेदारालाच. गिऱ्हाईक तेवढेच असल्याने भाव तोच ठरवतो, आणि हा अन्याय लहान शेतकऱ्याने वर्षानुवर्षे सोसला. 2021 मध्ये नोंदणी खात्याच्या परिपत्रकाने तुकड्यांचे दस्त अडले, 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. 2023 च्या अधिसूचनेने बागायतीसाठी 10 आणि जिरायतीसाठी 20 गुंठे ही कमी केलेली मर्यादा आली. अडकलेल्यांना मोकळे करणारा हा निर्णय योग्यच होता. मात्र दहा गुंठे परवडतात, असा त्याचा अर्थ होत नाही.

भाऊ वाटणी लांबीने करतात, कारण प्रत्येकाला पाटही हवा आणि रस्ताही. दहा गुंठ्यांची पट्टी 33 फूट रुंद, 330 फूट लांब निघते. साडेचार फुटी सरीने त्यात सातच सऱ्या बसतात. चारी बाजूंना आपल्या वाट्याचा फूटभर बांध सोडला तर 722 चौरस फूट जातात, म्हणजे जवळपास 7 टक्के. चौरस एकरात हेच 2 टक्क्यांच्या आत राहते. एकरी 40 टनांच्या हिशेबाने ऊस 10 टन, ट्रॅक्टरची जेमतेम एक खेप. तोडणी मशीनला वळायला जागा नाही, ऊसतोड टोळी आधी मोठा फड धरते. तोड लांबली की तुरे येतात, ऊस पोकळ पडतो, वजन घटते.

अशा घरात रोजचा खर्च दुधावर चालतो. वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, म्हशीला, दूध डेअरीला, बिल दर दहा दिवसांनी. उसाचे पैसे मात्र वर्ष-दीड वर्षाने. चार एकरवाला तोडीची वाट पाहू शकतो, दहा गुंठेवाल्याला सोसायटीचे कर्ज थांबू देत नाही. म्हणून शेजारचे भाऊ लागण एकाच महिन्यात, एकाच जातीची करतात आणि सगळ्यांची तोड एकदमच मागतात.