रोबोटला दांड्यावर चढवण्याआधी लेगोत चढवा

शाळकरी संघांसाठीच्या फर्स्ट टेक चॅलेंजसारख्या रोबोटिक्स स्पर्धेत सामन्याची शेवटची ३० सेकंदे बहुतेक वेळा चढाईची असतात. २०२४-२५ च्या ‘इन्टू द डीप’ या खेळात एक दांडा जमिनीपासून २० इंचांवर होता, दुसरा ३६ इंचांवर. खालच्याला लटकले तर १५ गुण, वरच्याला ३०. सुरुवातीला मात्र रोबोट १८ इंचांच्या घनात मावलाच पाहिजे. म्हणजे स्वतःच्या दुप्पट उंचीवरचा दांडा गाठायचा, दहा-बारा किलोंचे धूड वर ओढायचे आणि वीज बंद झाल्यावरही खाली यायचे नाही.

हे थेट ॲल्युमिनियमात करायला घेतले की प्रत्येक चुकीला एक पट्टी कापावी लागते. गोव्यातल्या शाळांत राज्य सरकारच्या ‘केअर्स’ योजनेमुळे कोडिंग आणि रोबोटिक्स वर्गापर्यंत आले आहे. ज्यांच्या कपाटात लेगो टेक्निकचा संच असेल, मग तो २०२१ मध्ये बंद झालेला ईव्ही३ हा लेगोचा रोबोट-संच का असेना, त्यांनी आधी तो बाहेर काढावा. त्याला काय विचारायचे एवढे मात्र पक्के हवे. भूमितीच्या प्रश्नांना तो खरी उत्तरे देतो; ताकदीच्या प्रश्नांना बेधडक खोटी.

टेक्निकच्या बीमवर, म्हणजे छिद्रांच्या पट्टीवर, शेजारच्या दोन छिद्रांचे अंतर ८ मिमी असते. १:४ प्रमाण धरले की एक छिद्र म्हणजे खऱ्या रोबोटवरचे ३२ मिमी. १८ इंचांचा घन प्रतिकृतीत ११४ मिमीचा, म्हणजे १४ छिद्रांचा होतो. दांडे १२७ आणि २२९ मिमीवर येतात. दांड्यासाठी पेन्सिल चालते. तिची सुमारे ७ मिमी जाडी खऱ्या मापात २८ मिमी होते. तुमच्या मैदानाचा दांडा मोजून फरक असेल तर दुसरी काठी घ्या. पेन्सिली दोन उभ्या चौकटींना रबराने करकचून बांधा आणि चौकटी टेबलाला क्लॅम्पने आवळा. दांडाच हलला तर चाचणीला अर्थ नाही.

चढाईचे मूळ तत्त्व माडावर चढायच्या यंत्रात दिसते. पाडेली एका पायावर भार देतो तेव्हा त्या बाजूची तार खोडाला आवळते आणि दुसरी बाजू सैल होऊन वर सरकवता येते. भार कायम एका बाजूवर असतोच, मधला अधांतरी क्षण नाही. दांड्यावरच्या रोबोटलाही हुकांच्या दोन जोड्या लागतात: एक सरकणाऱ्या हातावर, दुसरी ढाच्याला जखडलेली. हात वर जातो, दांडा पकडतो, दोरी गुंडाळत ढाचा वर येतो, जखडलेले हुक दांड्याच्या वर पोचतात आणि हात किंचित सैल सोडला की भार त्यांच्यावर बसतो. मग हात मोकळा होऊन पुढच्या दांड्याकडे जातो.

बांधणीला १३ छिद्रांचे ८ बीम, ९ छिद्रांचे ६, ३×५ चे काटकोनी बीम ४, वाकडे बीम ४, घर्षणाच्या काळ्या पिना ६० च्या आसपास, ८, २४ आणि ४० दात्यांचे गिअर, एक वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा), निरनिराळ्या लांबीचे ॲक्सल आणि ते सरकू नयेत म्हणून मूठभर बुश (छोट्या कड्या) पुरतात. हुक वाकड्या बीमचे करा. त्यांचा कोन ५३.१३ अंश म्हणजे ३-४-५ च्या त्रिकोणाचा असल्याने वाकल्यावरही छिद्रे चौकटीत बसतात. हुकाच्या तोंडाशी एका छिद्राची फट ठेवली की ८ मिमीत ७ मिमीची पेन्सिल सहज शिरते. मोटर लगेच लावू नका. हाताने फिरवायचे हँडल लावले तर कुठे अडते ते बोटांना कळते. मोटर तेच गिळून टाकते.

आता झुकण्याचा प्रश्न. यासाठीच हा खटाटोप. लटकलेली वस्तू तिचा गुरुत्वमध्य टेकूच्या थेट खाली येईपर्यंत फिरते. हुक गुरुत्वमध्यापासून आडवा ३ छिद्रे दूर आणि ६ छिद्रे वर असेल, तर ढाचा सुमारे २७ अंशांनी कलतो. त्या कललेल्या ढाच्यातून हात १६ छिद्रे वर काढला की त्याचे टोक ७ छिद्रे बाजूला जाते. खऱ्या रोबोटवर ही चूक सुमारे २३ सेंमीची, म्हणजे वरचा दांडा हाताला लागतच नाही. प्रमाण बदलले तरी कोन बदलत नाही, म्हणून प्रतिकृतीतला कल जसाच्या तसा खरा मानता येतो.

त्यासाठी वजनाची वाटणी जुळली पाहिजे, एकूण वजन नव्हे. मोटरी, बॅटरी, चाके जिथे येणार तिथे त्या प्रमाणात नट चिकटवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. मग प्रतिकृती दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून दोऱ्याने टांगा आणि बाजूने फोटो काढा. दोऱ्यांच्या रेषा पुढे वाढवल्यावर जिथे छेदतात तिथे गुरुत्वमध्य. कल जास्त भरला की पहिला विचार बॅटरी सरकवण्याचा येतो. १२ किलोंच्या रोबोटात अर्ध्या किलोची बॅटरी २० सेंमी सरकवली तर गुरुत्वमध्य एक सेंटिमीटरही हलत नाही. हुकच हलवा.

हेलकाव्याचा वेग मात्र जसाच्या तसा घेऊ नका. लंबकाचा आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून १:४ ची प्रतिकृती दुप्पट भराभर झुलते. तिचा हेलकावा अर्ध्या सेकंदाचा असेल तर रोबोटचा एक सेकंदाचा. हात पुढे काढण्याआधी थांबायची वेळ त्या हिशेबाने वाढवा.

ताकदीकडे आलो की प्रतिकृती फसवू लागते. ती ३०० ग्रॅमची असेल आणि ती दोरीऐवजी १० छिद्रांच्या, म्हणजे ८ सेंमीच्या फिरत्या हाताने उचलायची असेल, तर सुमारे २३.५ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. लेगोच्याच स्पाइक प्राइम संचातल्या मोठ्या मोटरचा स्टॉल टॉर्क, म्हणजे ती अडून थांबते तेव्हाचा जोर, २५; तेव्हा ती जेमतेम हलेल. ८ आणि २४ दात्यांची जोडी घातली की मोटरवर ८ च्या आत भार येतो आणि सगळे छान चालते. इथेच गफलत होते. खरा रोबोट १२ किलोंचा आणि हात ३२ सेंमीचा असेल तर टॉर्क १६० पट, सुमारे ३७.६ न्यूटन-मीटर होतो. तोच रोबोट दीड सेंमी त्रिज्येच्या रिळावर दोरी गुंडाळून उचलला तर १.८ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणून लेगोत फिरता हात कितीही देखणा चालो, खऱ्या रोबोटला दोरी आणि रीळ घ्यावे.

दोरी सुती नको. पावसाळ्यात ओल धरून तिची लांबी बदलते. मासे गरवायची विणलेली दोरी गोव्यात कुठेही मिळते. डावे-उजवे रीळ एकाच ॲक्सलवर बसवा, नाहीतर एक हुक आधी लागतो आणि ढाचा पिळतो. दोरी एकावर एक चढली तर त्रिज्या वाढते: ४ मिमी त्रिज्येच्या रिळावर १ मिमीची दोरी दुसऱ्या थरात गेली की भार २० टक्क्यांहून जास्त वाढतो. दोन्ही रिळांवर थर सारखे बसले नाहीत तर एक बाजू पुढे पळते. रीळ रुंद ठेवा, म्हणजे एकाच थरात काम भागेल.

गिअर कटकट आवाज करत घसरले तर दोष बहुधा दात्यांचा नसतो. भाराने दोन बीम एकमेकांपासून फाकलेले असतात. गिअरच्या दोन्ही बाजूंना, एका छिद्राच्या आत, ॲक्सलला आधार द्या आणि बीम आडव्या पट्टीने बांधा. लांब ॲक्सल पिळतो, म्हणून रीळ आणि शेवटचा गिअर शेजारी हवेत.

वीज गेल्यावर टिकून राहायला वर्म गिअर सोपा. तो २४ दात्यांच्या गिअरला फिरवतो, गिअर त्याला उलट फिरवू शकत नाही. मात्र तो ॲक्सलवर मोकळा सरकतो, म्हणून दोन्ही बाजूंना बुश लावा. असा स्वतः अडून राहणारा वर्म निम्म्याहून जास्त शक्ती घर्षणात घालवतो, त्यामुळे खऱ्या रोबोटवर रॅचेट, म्हणजे खटक्यामुळे एकाच दिशेने फिरणारे दातेरी चाक, बरे. लेगोत रॅचेट करून बघताना खटका घसरतो, कारण गिअरचे दाते दोन्ही बाजूंनी सारखे असतात. तिरपे दाते प्लायवुडमधून कापून घ्या.

भूमिती जमली की हुक, रीळ आणि हाताच्या जागा छिद्रांत मोजून चारपट करा आणि कार्डबोर्डवर पूर्ण आकारात आखा. ॲल्युमिनियम कापण्याआधी फक्त रीळ, मोटर आणि रॅचेट एका फळीवर बांधा. बादलीत पाणी भरून बादलीसकट १२ किलो करा, ती दोरीला टांगून अर्धा मीटर उचला आणि बॅटरीची वायर काढा. दोरीवर पेनने खूण करून दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. खूण सरकली असेल तर खटक्याची स्प्रिंग कमी पडते आहे किंवा रीळ ॲक्सलवर घसरते आहे. ग्रब स्क्रूवर (रीळ ॲक्सलवर आवळणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूवर) भरवसा ठेवण्यापेक्षा एक बाजू घासून चपटी केलेला किंवा षट्कोनी ॲक्सल घ्या.