भाडं फोनवर घेतलं म्हणून कर लागतो का?

"भाडं यूपीआयवर घेऊ नका, कर बसेल, रोख घेतलं तर काही नाही," हा मेसेज सांगलीत खोल्या भाड्याने देणाऱ्यांकडे वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे. पण कर भाड्याच्या उत्पन्नावर असतो, ते कसं आलं यावर नाही.

समजा, विश्रामबागेतली खोली महिना ४,००० रुपयांना दिलीय. वर्षाचे ४८,०००. त्यातून स्वतः भरलेली घरपट्टी, समजा ३,००० रुपये, वजा. उरलेल्या ४५,००० वर ३० टक्के सरसकट वजावट. पावत्या लागत नाहीत. राहिले ३१,५००. ते तुमच्या एकूण उत्पन्नात मिळतात, आणि ती बेरीज करमर्यादेत असेल तर कर शून्य.

खात्री करायचीय? रिटर्नमधला घरभाड्याचा भाग उघडा. भाडं, घरपट्टी, कर्जाचं व्याज विचारतात; रोख की ऑनलाइन, हा रकानाच नाही. उलट बँकेतली नोंद भाडेकरूशी हिशेबाचा वाद झाला तर कामी येते.