भिजलं तर मिटू नका
(कला, हस्तकला आणि गृहसजावटीची पुस्तकं घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी पावसाळी माहितीपत्रक)

पाऊस लागला की आमच्या काउंटरवर एकच प्रश्न सुरू होतो. "पुस्तक थोडंसंच भिजलं होतं हो, नीट वाळवलं, पण आता पानं सुटत नाहीत. बदलून मिळेल का?" नाही, मिळणार नाही. आणि दुरुस्तही होणार नाही. हे तोंडावर सांगताना आम्हालाही बरं वाटत नाही, म्हणून आधीच छापून देतोय. पत्रक पुस्तकातच ठेवा, बिलाबरोबर टाकून देऊ नका.

सगळा खेळ कागदाचा आहे. कथा-कादंबऱ्या साध्या कागदावर छापतात. वारली, कशिदा, क्रोशे, पैठणीची नक्षी, बैठकीची सजावट अशी रंगीत पुस्तकं छापतात आर्ट पेपरवर. या कागदाच्या दोन्ही बाजूंना पांढरी चिनी माती किंवा खडूच्या भुकटीचा लेप असतो आणि तो सुटू नये म्हणून त्यात स्टार्च, लॅटेक्स असलं काहीतरी चिकट घातलेलं असतं. शाई त्या लेपावरच बसते, आत झिरपत नाही, म्हणून पदरावरचा मोर इतका उठून दिसतो. पाणी लागलं की लेप मऊ पडतो आणि समोरासमोरची पानं एकमेकांना धरतात. तशीच वाळली की मग कायमची.

"आमच्या पुस्तकाला चकाकी नाही, ते साध्या कागदावरचं असणार," असं पुष्कळ जण म्हणतात. मॅट आर्ट पेपरला चकाकी नसते, लेप मात्र असतोच. खात्री करायची तर चांदीचं नाणं किंवा जोडवं पानाच्या कोऱ्या कोपऱ्यावर हलकेच घासून बघा. करडी रेघ उमटली की आर्ट पेपर समजा. जाता जाता, बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर या पुस्तकांपुरती तरी सोडा. कोपरे तिथूनच धरायला लागतात.

आता मुख्य चूक. दहांतले आठ जण भिजलेलं पुस्तक पुसतात, मिटतात आणि वर वजन ठेवतात. कुणी गादीखाली सरकवतं, कुणी वर गव्हाचा डबा ठेवतं. शाळेच्या वह्या आपण सगळ्यांनी अशाच वाळवल्यात आणि त्या वाळल्याही, कारण तो कागद साधा होता. आर्ट पेपरवर वजन ठेवणं म्हणजे डिंक लावलेली पानं दाबून ठेवणं. काउंटरवर आम्ही असं एक पुस्तक मुद्दाम ठेवलंय, मागून घ्या आणि बघा. तारपा नाचाचं चित्र आहे. सोडवताना नाचणाऱ्यांची अर्धी रांग गेरूसकट डावीकडच्या पानावर गेली, तारपा वाजवणारा उजवीकडे राहिला आणि मधल्या भागात नुसता कागदाचा पांढरा लगदा दिसतो.

उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर मारणं, इस्त्री फिरवणं हेही नको. कडा आधी वाळून वाकड्या होतात, आतली पानं तोवर चिकटून बसतात.

मग करायचं काय? पानं ओली आहेत तोवर सुटतात, हे लक्षात ठेवा. हातातले पहिले काही तासच खरे. पुस्तक टेबलावर आडवं ठेवा, कोपऱ्यापासून सावकाश एकेक पान मोकळं करा, पुसू नका, ओल्या पानावर फडकं फिरवलं तर मऊ लेपाबरोबर रंगही निघतो. जिथवर ओल पोचली आहे तिथवर प्रत्येक दोन पानांच्या मध्ये बटर पेपर घाला. बटर पेपर म्हणजे केक भाजायला वापरतात तो, ज्याला काही चिकटत नाही. आराखडे काढायचा ट्रेसिंगचा नव्हे, तो स्वतःच भिजून सुरकुततो. वर्तमानपत्र तर मुळीच नको, कालची बातमी तुमच्या सोफ्याच्या फोटोवर उमटेल. दोनशे पानांचं पुस्तक पूर्ण भिजलं असेल तर शंभरेक तुकडे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण इलाज तोच. मग पंखा लावा, एसी असेल तर एसी, आणि अधूनमधून पानं उलटत राहा. जवळजवळ कोरडं झालं की मगच वजन ठेवा, बटर पेपर आत असू देऊन.

तेवढा वेळ नसेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाका. हसू नका. पुरात भिजलेले ग्रंथ मोठमोठी ग्रंथालयंसुद्धा आधी गोठवूनच ठेवतात. गोठलेल्या पुस्तकात पानं चिकटण्याचं काम थांबतं. ते वाळत मात्र नाही, बाहेर काढल्यावर वरचं सगळं करावं लागतंच. बोंबलांच्या पिशवीपासून थोडं लांब ठेवा, एवढंच.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरची कपाटंच्या कपाटं पाण्यात गेली. त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण आमच्याकडे परत येणारी बहुतेक पुस्तकं पुरात भिजलेली नसतात. लोकलच्या दारातली झड, पिशवीत सांडलेली पाण्याची बाटली, पुस्तकाशेजारी टेकवलेली ओली छत्री, नाहीतर जुन्या चाळीतली ओल धरणारी भिंत. कपाट भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे घ्या, पुस्तकं खच्चून भरू नका. निम्मं काम तिथेच होतं.

म्हणूनच जून ते सप्टेंबर आम्ही प्रत्येक पुस्तक दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून देतो, "राहू द्या हो, इथेच जायचंय" म्हणणाऱ्यांनाही. त्यात पाच मिनिटं जातात, रांग थांबते, लोक वैतागतात, तरी बांधणार. घरी गेल्यावर वेष्टण काढा. आत चुकून दमटपणा राहिला असेल तर तो तिथेच कोंडतो.

काउंटरवरची नमुना प्रत चाळायला आहे, मनसोक्त चाळा. झेरॉक्सला मात्र देत नाही, कारण यंत्रावर उलटं दाबलं की कणा मोडतो. नक्षी उतरवून घेताना पानावर बॉलपेन टेकवू नका, चरे पडतात. भरतकाम, विणकाम करताना ज्यांना पुस्तक समोर उघडं ठेवावं लागतं, त्यांनी नुसत्या गोंदाच्या बांधणीऐवजी शिलाईची बांधणी घ्यावी. थोडी महाग पडते, पण पानं निखळत नाहीत. आहे त्या पुस्तकाची पानं सुटली असतील तर आमचे बाइंडर शिवून देतात.

पुस्तकाच्या मापाला कापलेला बटर पेपर पावसाळाभर काउंटरवर मिळतो. मोठं पुस्तक घेणाऱ्यांनी एक गठ्ठा घरात ठेवावा, ऐन वेळी रात्री दहाला कुठे शोधणार?

आणि भिजलेलं पुस्तक दाखवायला आणायचंच असेल तर वाळवून आणू नका. ओलंच, पिशवीत घालून, त्याच दिवशी आणा. पानं सोडवून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, बटर पेपरचे तेवढे घेतो. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी फ्रीझर.