मिंडेन जहाज, टिपूचे अग्निबाण आणि अमेरिकेचं राष्ट्रगीत

मुंबईच्या गोदीचा विषय निघाला की हा किस्सा कानावर येतोच: अमेरिकेचं राष्ट्रगीत इथे बांधलेल्या जहाजावर लिहिलं गेलं. जहाज म्हणजे वाडियांनी १८१० मध्ये पाण्यात सोडलेलं 'मिंडेन'. किस्सा झकास, पण खरा नाही. गीताचा कवी फ्रान्सिस स्कॉट की (Key) गीतात वर्णन केलेल्या रात्री वाटाघाटींसाठी आलेल्या अमेरिकी जहाजावर होता.

तेव्हा ब्रिटन आणि अमेरिकेचं युद्ध चालू होतं. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं आणि मोर्चा बाल्टिमोरकडे वळवला. पेशाने वकील असलेला पस्तिशीतला फ्रान्सिस की त्यांच्या आरमाराकडे गेला तो धरून नेलेल्या डॉ. विल्यम बीन्स यांना सोडवायला. सुटका मंजूर झाली. पण हल्ल्याचा बेत कानावर पडलेला, म्हणून लढाई संपेपर्यंत सगळ्यांना अडकवून ठेवलं. १३ सप्टेंबरच्या सकाळपासून बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर सुमारे २५ तास मारा चालला. कवितेतला रॉकेटचा लालभडक उजेड त्या रात्रीचाच. भारताचा खरा धागा इथे आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचे अग्निबाण इंग्लंडला गेले, आणि ते पाहूनच विल्यम काँग्रीव्हने आपली रॉकेटं बनवली.

सकाळी किल्ल्यावर अमेरिकेचाच झेंडा दिसला, म्हणजे किल्ला पडला नव्हता; त्यावरच कीने कविता लिहिली. झेंडा ३० बाय ४२ फुटांचा. मेरी पिकर्सगिलने लेक आणि भाच्यांना हाताशी घेऊन शिवलेला. घरात मावेना म्हणून बिअरच्या कारखान्यात जमिनीवर पसरून पुरा केला.

कीच्या कवितेचं मूळ नाव 'डिफेन्स ऑफ फोर्ट मॅकहेन्री'. ती आठवड्याभरात छापून आली आणि गायली जाऊ लागली, तीही लंडनमधल्या एका क्लबाच्या गाण्याच्या चालीवर. म्हणजे चाल शत्रूच्याच राजधानीतली! शिवाय पल्ला दीड सप्तकाचा, त्यामुळे भल्याभल्यांचा आवाज वर जाऊन फाटतो.

१८८९ मध्ये अमेरिकी नौदलाने ते गीत झेंडावंदनासाठी घेतलं, १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी ते राष्ट्रगीत म्हणून वाजवण्याचा आदेश काढला. कायद्याने राष्ट्रगीत व्हायला मात्र ३ मार्च १९३१ उजाडला. मैदानांवर ऐकू येतं ते फक्त पहिलं कडवं. तिसऱ्यात शत्रूकडच्या 'भाडोत्री आणि गुलाम' लोकांच्या वाट्याला पळ आणि थडगं आहे. ब्रिटिशांच्या फौजेत तेव्हा अमेरिकी मळ्यांवरून पळालेले गुलाम होते, आणि फ्रान्सिस की स्वतः गुलाम बाळगून होता. ते कडवं आता सहसा कुणी म्हणत नाही.