अकरा विजयांच्या मधले दोन पराभव

गणपतराव देशमुखांचा विषय निघाला की आधी आकडा सांगितला जातो: सोलापूर जिल्ह्यातल्या एकाच सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा आमदार. आकडा मोठाच आहे. पण गणपतरावांची, म्हणजे आमच्या आबासाहेबांची, कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर १९७२ आणि १९९५ या दोन पराभवांपाशी थांबावं लागतं, असं मला वाटतं.

जन्म १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षण कायद्याचं. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या पिढीने उभा केलेला शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) हेच त्यांचं राजकीय घर, आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, १९६२ साली, काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. शेकापला मिळाल्या १५. त्यातली एक सांगोल्याची.

१९६७ लाही तेच निवडून आले. १९७२ ला मात्र काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवलं. आमच्या जिल्ह्यातली जुनी माणसं आजही काळ मोजतात तो त्या वर्षाच्या दुष्काळावरून. कोरडी माण नदी, विकलेली जनावरं, खडी फोडायला गेलेली अख्खी घरं. नेमक्या त्याच वेळी आबा सभागृहाबाहेर होते. साळुंखे-पाटलांच्या निधनानंतर १९७४ ला पोटनिवडणूक झाली आणि सांगोल्याने आबांना परत बोलावलं. त्या दुष्काळाच्या कामांमधूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात आबांकडे पणनबरोबर रोजगार हमीचं खातं आलं, तेव्हा दुष्काळी तालुक्याचा माणूस त्या खुर्चीत बसला याचं इथे फार अप्रूप होतं.

त्याआधी १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारातही ते मंत्री होते. पण सांगोल्यात मंत्रिपदांपेक्षा सूतगिरणीची आठवण जास्त निघते. शेतकरी सहकारी सूतगिरणी त्यांनी उभी केली आणि चालती ठेवली. सहकारातल्या किती संस्था डोळ्यांदेखत बंद पडल्या हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. म्हणून ‘चालती ठेवली’ हे शब्द मी मुद्दाम वापरतोय. एसटीने फिरणारा आमदार ही ओळख त्यांच्या साधेपणातली.

खरा झगडा पाण्याचा. १९९३ साली आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने पाणी संघर्षाची चळवळ उभी राहिली. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतले तेरा दुष्काळी तालुके त्यात होते. कृष्णेचं पाणी आमच्या वाट्याचंही आहे, एवढीच मागणी. कराडजवळ टेंभूला पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने चढवायचं आणि इतक्या लांब माणदेशात आणायचं, हे तेव्हा अनेकांना स्वप्न वाटत होतं. आज डाळिंबाच्या बागा धरणारा शेतकरी टेंभू योजनेच्या आवर्तनाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीची, वाट बघतो.

त्या चळवळीच्या ऐन भरात, १९९५ ला, आबा पुन्हा हरले. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील अवघ्या १९२ मतांनी निवडून आले. सलग पाच विजयांनंतरचा हा धक्का होता, आणि वय सत्तरीकडे झुकलेलं. दुसरा कोणी घरी बसला असता. आबा पाणी परिषदा घेत राहिले, आणि १९९९ ते २०१४ अशा पुढच्या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या. हरल्यावरही तोच पक्ष आणि तेच पाणी धरून बसलेला माणूस लोकांनी पाहिला होता. पुढच्या चार विजयांचं मूळ मला तिथे दिसतं.

२०१४ ला ते ८८ वर्षांचे होते. शेकापचे राज्यात तेव्हा तीनच आमदार आले. २०१९ ला त्यांनी निवडणूक लढवली नाही. नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. समोर पुन्हा शहाजीबापूच होते, या वेळी शिवसेनेकडून. ३० जुलै २०२१ ला आबासाहेबांचं सोलापुरात निधन झालं. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब यांनी शहाजीबापूंना हरवून सांगोला परत मिळवला. सभागृहात शेकापची ती एकच जागा आहे.