मांजराचा ओरखडा आणि मांजराचा चावा

मांजर खेळता खेळता हातावर झडप घालते तेव्हा ते पंजा आणि तोंड एकाच क्षणी वापरते. हात मागे घेतल्यावर दिसणारी खूण नखाची की दाताची, हे घरच्या माणसांनाही पुष्कळदा सांगता येत नाही आणि 'मांजराने बोचकारले' एवढे म्हणून विषय संपतो. मात्र या दोन जखमांचे स्वरूप निराळे असते, आणि नुसत्या दिसण्यावरून त्यांची पारख केली तर ती बहुधा उलटी होते.

नखाचा ओरखडा लांबट असतो, कित्येकदा दोन-तीन समांतर रेघांचा. रक्त लगेच दिसते, आगही होते. पण जखम उघडी असल्यामुळे साबणाचे पाणी तिच्या तळापर्यंत पोहोचते. दाताची खूण मात्र एखाद-दुसऱ्या ठिपक्याएवढीच असते. मांजराचा सुळा बारीक आणि अणकुचीदार असल्याने तो खोल जातो, वरची कातडी लगेच मिटते आणि तोंडातले पाश्चुरेला जातीचे जिवाणू आत कोंडले जातात. बोटांच्या सांध्यांवर आणि मनगटावर तर कातडीखाली लगेच स्नायूंचे दोर आणि सांधे असतात. अशा चाव्यांपैकी सुमारे ३० ते ५० टक्के जखमा चिघळतात असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात, आणि लाली, सूज व ठणका बहुधा १२ ते २४ तासांतच सुरू होतो. म्हणून हातावरचा चावा कितीही क्षुल्लक दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. तिथे प्रतिजैविकाची गरज अनेकदा पडते.

ओरखड्याचा खास आजार सावकाश येतो. पिसवांच्या विष्ठेतून बार्टोनेला हेन्सेले हा जिवाणू नखांत जातो आणि ओरखड्यातून शरीरात शिरतो. पिल्लांकडून हे अधिक घडते. काही दिवसांनी त्या जागी पुटकुळी उठते आणि आणखी एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येते, कधी बारीक तापही असतो. तोपर्यंत ओरखडा विसरलेला असल्यामुळे दोहोंचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून डॉक्टरांकडे मांजराचा उल्लेख आवर्जून करावा. निरोगी माणसात हा आजार बहुधा आपोआप बरा होतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र थांबू नये.

पहिला घरगुती उपचार दोन्हींना एकच आहे: वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम १५ मिनिटे धुवावी. ही १५ मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, कारण अंदाजाने धुणारा माणूस फार लवकर थांबतो. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही जखमेत भरू नये. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली, तेही डॉक्टरांना सांगावे.

रेबीजच्या बाबतीत नख आणि दात हा भेद जवळजवळ संपतो. मांजर पंजे सतत चाटत असते, त्यामुळे लाळ नखांवरही असू शकते. येथे जखमेची वर्गवारी कातडीवरून होते. रक्त न आलेले किरकोळ खरचटणे दुसऱ्या वर्गात जाते आणि त्याला लस लागते. कातडी भेदून रक्त आले असेल, तर ते नखाने येवो वा दाताने, जखम तिसऱ्या वर्गाची ठरते आणि लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, हेही द्यावे लागते. कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे वेळापत्रक ०, ३, ७ आणि २८ व्या दिवसाचे आहे. 'दहा दिवस मांजरावर नजर ठेवू, मग पाहू' हा घरोघरी ऐकू येणारा सल्ला अर्धवट आहे. नजर जरूर ठेवावी, पण लस पहिल्याच दिवशी सुरू करून. मांजर दहा दिवस ठणठणीत राहिले तर पुढचे डोस थांबवायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

प्रतिबंधाचेही दोन मार्ग होतात. नखांची पारदर्शक टोके, आतला गुलाबी भाग टाळून, दोन-तीन आठवड्यांनी कापली आणि पिसवांचा बंदोबस्त केला की ओरखडे व त्यांचा आजार दोन्ही कमी होतात. चाव्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. चावा टाळायचा तर मांजराला हाताशी खेळण्याची सवयच लावू नये, दोरीचे खेळणे वापरावे, आणि गोंजारताना शेपटी झटकू लागली किंवा कान मागे वळले की हात काढून घ्यावा. पशुवैद्याच्या सल्ल्याने मांजराला रेबीजची लस वेळेवर द्यावी. दोन बोके भांडत असतील तर मध्ये हात घालू नये, लांबून पाणी उडवावे.