जन्मजात आणि आनुवंशिक: मुलांच्या किडनीविकारातला नेहमीचा घोळ

मुलाच्या किडनीत दोष निघाला की ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि त्यापायी घरात चुकीचे निर्णय होतात. ‘जन्मजात’ म्हणजे दोष जन्मापासून होता, एवढेच. तो कशामुळे आला याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

जन्मजात दोष बहुतेकांना ठाऊक असतात, कारण ते सोनोग्राफीत दिसतात: एकच किडनी, लहान राहिलेली किडनी, मुलग्याच्या मूत्रमार्गातल्या पडद्यामुळे तुंबलेली लघवी. मुलांच्या दीर्घकालीन किडनीविकारात या रचनादोषांचा वाटा सर्वांत मोठा आहे. पण यांतल्या बऱ्याच मुलांत एकच एक दोषी जनुक सापडत नाही.

एक उदाहरण नीट पाहू. गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत रक्तदाबासाठी एनालाप्रिलच्या जातीचे औषध चालू राहिले, तर गर्भाच्या किडनीतल्या नलिका नीट घडत नाहीत आणि गर्भजल आटते. हे औषध ज्या यंत्रणेवर काम करते, तिच्याच एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक वडिलांकडची) बिघडलेल्या असल्या तरी जवळजवळ हेच चित्र दिसते. दोन्ही बाळे जन्मजात आजारी. पहिल्या घरात औषध बदलले की पुढच्या बाळाला त्या कारणाचा धोका नाही. दुसऱ्या घरात प्रत्येक गरोदरपणात तो २५ टक्के आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. नेफ्रोनोफ्थायसिस हा किडनी हळूहळू निकामी करणारा आजार पूर्णपणे आनुवंशिक आहे, पण त्याच्या नेहमीच्या प्रकारात बाळ जन्मतः ठणठणीत असते. चार-सहा वर्षांचे झाले की ते खूप पाणी पिऊ लागते, रात्री उठून लघवीला जाते किंवा सुटलेली सवय मोडून पुन्हा अंथरूण ओले करते. लघवीच्या तपासणीत रक्त नाही, प्रथिने फारशी नाहीत, म्हणून सगळे निर्धास्त. त्यात रक्तातले क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) १.० मिग्रॅ/डेसिलिटर आले की ‘नॉर्मल’ म्हणून कागद बाजूला पडतो. ती मर्यादा मोठ्यांची आहे! मुलांसाठी उंची (सेंटिमीटर) गुणिले ०.४१३ भागिले क्रिएटिनिन असा हिशेब करायचा. ११० सेंटिमीटरच्या मुलात १.० म्हणजे गाळणक्षमता सुमारे ४५, निरोगी मुलाच्या निम्म्याहून कमी. पौगंडावस्थेच्या सुमारास अशा बऱ्याच मुलांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागते.

आता सगळा घोळ जिथे होतो ते वाक्य: “आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग आनुवंशिक कसा?” मुलांमधले बरेच गंभीर जनुकीय किडनीविकार असेच, घराण्यात कुणाला नसताना येतात. आई आणि वडील दोघांकडे त्याच जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली. चांगलीवर त्यांचे काम भागते, म्हणून दोघे निरोगी. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच मुलाच्या वाट्याला आल्या की आजार होतो. ही शक्यता दर खेपेला चारात एक असते. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, हा हिशेब साफ चूक आहे. ‘कोणाच्या बाजूने आले’ हा वादही थांबवा; इथे दोन्ही बाजू लागतात.

घराण्यात कुणाला नसताना आजार येण्याची दुसरी वाट आईच्या एक्स गुणसूत्राची. अल्पोर्ट आजाराच्या नेहमीच्या प्रकारात आईच्या लघवीत डोळ्यांना न दिसणारे रक्त वर्षानुवर्षे असते आणि ‘इन्फेक्शन’ म्हणून सोडून दिले जाते. मुलग्याला मात्र किडनीबरोबर ऐकण्याचाही त्रास होतो. अशी आई किडनी द्यायला पुढे आली, तर आधी तिची स्वतःची किडनी तपासायला हवी. तिसरी वाट नव्या बदलाची: किडनीच्या घडणीत भाग घेणाऱ्या एचएनएफ१बी जनुकातला दोष अनेकदा त्या मुलातच पहिल्यांदा उद्भवतो. तो पालकांकडून आलेला नसतो, पण त्या मुलाच्या अपत्यांत जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणूनच मी ‘आनुवंशिक’पेक्षा ‘जनुकीय’ म्हणणे पसंत करतो. वंशात दिसलाच पाहिजे, ही अट त्या शब्दाने आपोआप गळते.

‘जोखीम’ हा शब्दही जपून वापरावा. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या एपीओएल१ या जनुकाच्या दोन जोखमीच्या प्रती असूनही बहुतेकांची किडनी आयुष्यभर टिकते. त्याला जोखीम म्हणावे. एनपीएचएस२ या जनुकाच्या दोन्ही प्रती गंभीरपणे बिघडलेल्या असतील तर ते नेफ्रोटिक आजाराचे (लघवीतून प्रथिने वाहून जाऊन अंगाला सूज येणे) थेट कारण आहे. तिथे या आजारावरची नेहमीची स्टेरॉइड सहसा लागू पडत नाहीत, ती वाढवत नेली तर मुलाला नुसते दुष्परिणाम मिळतात. म्हणून नेफ्रोटिक आजार वर्षाच्या आत सुरू झाला किंवा पूर्ण मात्रेतल्या स्टेरॉइडला दाद देत नसेल, तर जनुकतपासणी लवकर करावी.

तपासणी मागताना प्रयोगशाळेला एक विचारा: जनुकाचा अख्खा तुकडा गायब असेल तर तुमच्या पद्धतीत कळेल का? नेफ्रोनोफ्थायसिसमध्ये एनपीएचपी१ हे जनुक आणि रचनादोषांत एचएनएफ१बी पुष्कळदा असेच पूर्ण गळालेले असतात. जनुकाची फक्त अक्षरे (डीएनएचा क्रम) वाचणाऱ्या तपासणीत ते निसटतात आणि अहवालावर ‘दोष नाही’ असे छापून येते.